चार्ल्स फोर्टेस्क्यू : पारसच्या जनरेटरला अर्थ फॉल्टपासून वाचवणाऱ्या गणिताचे जनक

अकोल्याहून रेल्वेने शेगावकडे जाताना वाटेत पारस स्टेशन लागतं. इथल्या औष्णिक वीज केंद्रात महानिर्मितीचे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. तिकडे अमरावतीजवळ नांदगाव पेठ एमआयडीसीत २७० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे एकूण १३५० मेगावॅटचं खाजगी केंद्र आहे. यातल्या प्रत्येक संचात एक भलामोठा जनरेटर असतो. त्याच्या आतल्या तांब्यावरचं इन्सुलेशन एका ठिकाणी जरी फाटलं आणि वीज लोखंडी गाभ्यात शिरली, तर कोट्यवधी रुपयांचं यंत्र काही महिने बंद पडू शकतं. याला म्हणतात अर्थ फॉल्ट.

गंमत म्हणजे या फॉल्टचा प्रवाह जेमतेम १० अँपिअर असतो आणि त्याच वेळी त्या जनरेटरमधून हजारो अँपिअर वाहत असतात. मग एवढ्या गोंगाटात ही कुजबुज ऐकायची कशी? याचं उत्तर ज्या गणितावर उभं आहे, ते गणित मांडणारे इंजिनिअर म्हणजे चार्ल्स फोर्टेस्क्यू. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयापासून शेगावच्या कॉलेजपर्यंत, जिथे कुठे इलेक्ट्रिकल शिकवतात तिथे सिमेट्रिकल कंपोनंट्स हा धडा येतोच. तो धडा यांचाच. आज त्यांचं आयुष्य आणि त्यांचं काम, दोन्ही सोप्या भाषेत पाहू.

बर्फाळ किनाऱ्यावरचं बालपण

फोर्टेस्क्यू यांचा जन्म १८७६ चा. जागा होती यॉर्क फॅक्टरी, आजच्या कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, हेज नदी जिथे हडसन उपसागराला मिळते तिथे. नावात फॅक्टरी असलं तरी तिथे कारखाना वगैरे काही नव्हता. हडसन्स बे कंपनी ही केसाळ कातड्यांचा व्यापार करणारी जुनी इंग्रजी कंपनी. तिच्या ठाण्यावरच्या मुख्य अधिकाऱ्याला फॅक्टर म्हणत, आणि म्हणून ते ठाणं फॅक्टरी. चार्ल्स यांचे वडील त्या ठाण्याचे प्रमुख होते.

वर्षातले कितीतरी महिने तिथे बर्फ. उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की इंग्लंडहून मालाचं जहाज येई. विजेचा दिवा तर दूरचीच गोष्ट. अमेरिकेत एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीट वीज केंद्र सुरू झालं १८८२ मध्ये, तेव्हा चार्ल्स अवघे सहा वर्षांचे होते. म्हणजे वीज उद्योग आणि हा मुलगा जवळजवळ बरोबरीनेच मोठे झाले.

पुढे ते ऑन्टॅरिओ प्रांतातल्या किंग्स्टन इथल्या क्वीन्स विद्यापीठात शिकले. तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम नवाच होता. १८९८ मध्ये ते पदवीधर झाले आणि त्या शाखेच्या अगदी पहिल्या पदवीधरांत त्यांचं नाव लागलं.

वेस्टिंगहाउसमध्ये उभं आयुष्य

पदवी मिळताच ते अमेरिकेत, पिट्सबर्गजवळच्या ईस्ट पिट्सबर्ग इथे वेस्टिंगहाउस कंपनीत दाखल झाले. एसी की डीसी या भांडणात एसीची बाजू लावून धरणारी हीच ती कंपनी. नायगारा धबधब्याची वीज १८९६ मध्ये बफेलो शहरात पोचली, ती याच कंपनीच्या जनरेटरवर. फोर्टेस्क्यू यांनी नंतर नोकरी बदलली नाही. सगळी कारकीर्द एकाच कंपनीत गेली.

१९०१ मध्ये ते ट्रान्सफॉर्मर विभागात गेले. त्या काळी व्होल्टेज झपाट्याने वाढत होतं आणि इन्सुलेशन कुठे फुटेल याचा नेम नव्हता. उच्च व्होल्टेज मोजायचं कसं हीसुद्धा अडचणच होती. १९१३ मध्ये सहकारी चब यांच्याबरोबर त्यांनी एका साध्या युक्तीवर शोधनिबंध दिला. धातूचे दोन गोळे ठरावीक अंतरावर ठेवायचे आणि कोणत्या व्होल्टेजला मधल्या हवेतून ठिणगी पडते ते पाहायचं. गोळ्यांचा आकार आणि अंतर माहीत असलं की व्होल्टेज सांगता येतं. स्फिअर गॅप नावाने ही पद्धत उच्च व्होल्टेजच्या प्रयोगशाळांत आजही आहे.

प्रश्न आला मोटरचा

१९१३ च्या अखेरीस त्यांच्यासमोर एक वेगळाच प्रश्न आला. रेल्वेच्या विद्युतीकरणात वरच्या तारेत सिंगल फेज वीज असायची, पण इंजिनातल्या मोटरला हवी होती थ्री फेज. मधे फेज कन्व्हर्टर बसवून काम भागवायचं, तर तीन फेज नीट सारख्या मिळत नसत. एक जास्त, एक कमी. अशा असमतोल विजेवर मोटर नेमकी कशी वागेल, किती तापेल, हे आधी काढायचं होतं.

हा प्रश्न वऱ्हाडातल्या कास्तकाराला वेगळा समजावून सांगायची गरज नाही. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअरची मोटर चालू आहे, डीपीवरचा एक फ्यूज उडाला, तीनपैकी एक फेज गेला. मोटर थांबत नाही, गुरगुरत राहते आणि बघता बघता जळते. म्हणून तर स्टार्टरच्या पेटीत सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतात. मोटर का जळते, याचा हिशोब फोर्टेस्क्यू यांना हवा होता.

थ्री फेज समतोल असेल तर गणित सोपं. एका फेजचं उत्तर काढा, बाकी दोन तसेच, फक्त १२० अंशांनी पुढे-मागे. पण असमतोल आला की तिन्ही फेज एकमेकांत गुंततात आणि हिशोबाचा गुंता होतो.

एका वाकड्याचे तीन सरळ

फोर्टेस्क्यू यांना हिशोब करता करता दिसलं, की उत्तरात पुन्हा पुन्हा समतोल संच डोकं वर काढताहेत. त्यातून त्यांनी सिद्ध केलं, की तीन फेज कितीही वाकडेतिकडे असोत, ते नेहमी तीन नीटनेटक्या संचांची बेरीज म्हणून लिहिता येतात.

हे समजायला तेलाचा जुना घाणा डोळ्यांपुढे आणा. आडव्या दांड्यांना सारख्या अंतरावर तीन माणसं लागली आहेत.

- पॉझिटिव्ह सिक्वेन्स : तिघे सारख्या जोराने पुढे ढकलतात. घाणा फिरतो, काम होतं.
- निगेटिव्ह सिक्वेन्स : तिघांचा जोर सारखाच, पण उलट दिशेने. काम होत नाही, उलट विरोध होतो आणि यंत्र तापतं.
- झिरो सिक्वेन्स : तिघे एकाच क्षणी दांडा खाली दाबतात. घाणा फिरत नाही, सगळा जोर जमिनीत जातो.

चित्र ढोबळ आहे, पण मुद्दा पोचतो. प्रत्यक्षात कोणी कमी, कोणी जास्त ढकलत असेल, तरी त्या सगळ्या गोंधळाची फोड या तीन प्रकारांत होते.

आता आकड्यांत पाहू. समजा जनरेटरवर लोड नाही आणि फक्त आर फेज जमिनीला टेकला. आर मध्ये ३० अँपिअर, वाय आणि बी मध्ये शून्य. फोर्टेस्क्यू यांच्या पद्धतीने याचे तीन संच होतात, प्रत्येक १० अँपिअरचा. आर फेजवर तिन्ही संचांचे १० एकाच दिशेला येतात, बेरीज ३०. वाय फेजवर तेच तीन १० एकमेकांपासून १२० अंशांवर असतात, म्हणून एकमेकांना खोडतात, बेरीज शून्य. बी फेजवरही तसंच. हिशोब चोख बसतो.

मग फायदा काय? जनरेटर, मोटर, ट्रान्सफॉर्मर, लाईन यांच्या जवळपास समतोल रचनेत हे तीन संच एकमेकांत लुडबुड करत नाहीत. प्रत्येकासाठी स्वतंत्र, साधं, सिंगल फेजसारखं सर्किट काढता येतं. गुंता सुटतो.

जून १९१८ : अटलांटिक सिटी

जवळपास पाच वर्षांच्या कामानंतर, जून १९१८ मध्ये अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात, अटलांटिक सिटी इथे, फोर्टेस्क्यू यांनी हा निबंध मांडला. चर्चेसह तो छापून आला तेव्हा शंभरावर पानं झाली. पद्धत फक्त तीन फेजपुरती नव्हती, कितीही फेजसाठी लागू पडणारी होती. निबंधाचा भर मात्र मोटर आणि फिरत्या यंत्रांवर होता.

लाईनवरचे फॉल्ट हे या पद्धतीचं खरं मैदान आहे, हे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दिसलं. वेस्टिंगहाउसमधलेच वॅग्नर आणि इव्हान्स यांनी ती रोजच्या वापरात आणली आणि १९३३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. जनरल इलेक्ट्रिकमधल्या एडिथ क्लार्क यांनीही हे काम खूप पुढे नेलं. संगणक नसलेल्या त्या काळात फॉल्टचा प्रवाह कागदावर काढता येऊ लागला. आणि फॉल्टचा प्रवाह किती येणार हे कळल्याशिवाय रिलेचं सेटिंग ठरत नाही.

जमिनीकडे गेलेला प्रवाह पकडणारे रिले फोर्टेस्क्यू यांच्या आधीही होते. जनरेटरचे आजचे रिलेही त्यांनी बनवलेले नाहीत. त्यांनी दिलं ते असं एक माप, जे सगळं ठीक असताना जवळपास शून्य असतं आणि बिघाड झाला की डोकं वर काढतं.

पारससारख्या जनरेटरमध्ये हे कुठे दिसतं?

आता पुन्हा वीज केंद्रात येऊ. २५० मेगावॅटचा जनरेटर समजा १६.५ किलोव्होल्टचा आहे. पूर्ण लोडवर त्याच्या प्रत्येक फेजमधून सुमारे १० हजार अँपिअर वाहतात. स्टेटरचा गाभा म्हणजे सिलिकॉन स्टीलच्या हजारो पातळ पत्र्यांची चळत. तिच्या खाचांत तांब्याचे बार बसवलेले असतात आणि दोघांच्या मधे अभ्रकाचं इन्सुलेशन. वय, उष्णता, कंपन, ओलावा यांनी हे इन्सुलेशन झिजतं.

ते फुटलं आणि मोठा प्रवाह गाभ्यात शिरला, तर पत्रे वितळून एकमेकांना चिकटतात. बार बदलणं त्या मानाने सोपं, पण गाभा जळाला तर सगळी चळत उसवून पुन्हा रचावी लागते. दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि तेवढे दिवस २५० मेगावॅट वीज नाही, ते वेगळं.

म्हणून मोठ्या जनरेटरचा न्यूट्रल सरळ जमिनीला जोडत नाहीत. मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात, त्याला न्यूट्रल ग्राउंडिंग ट्रान्सफॉर्मर किंवा एनजीटी म्हणतात. त्याच्या सेकंडरीला रेझिस्टर असतो. ट्रान्सफॉर्मर १६,५०० ला २४० व्होल्टचा असेल, तर सेकंडरीचा अवघा ०.२ ओहम न्यूट्रलच्या बाजूने पाहिल्यावर साडेनऊशे ओहमच्या आसपास दिसतो, कारण रेझिस्टन्स गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो. फेज ते न्यूट्रल व्होल्टेज साधारण ९५०० व्होल्ट. म्हणजे अर्थ फॉल्टचा प्रवाह १० अँपिअरच्या आसपास अडवला जातो. संच ट्रिप केल्यावरही रोटरचं चुंबकत्व विरायला काही सेकंद लागतात आणि तोवर फॉल्टमध्ये प्रवाह चालूच राहतो. तो १० अँपिअर असेल तर गाभ्याला फारशी इजा होत नाही.

पण इथेच नवी अडचण उभी राहते. १० हजार अँपिअरमध्ये १० अँपिअर म्हणजे हजारात एक. जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहाची तुलना करणाऱ्या डिफरन्शियल रिलेला तो दिसतच नाही. मग प्रवाह सोडून झिरो सिक्वेन्सकडे पाहायचं.

१. न्यूट्रलवरचं व्होल्टेज. तिन्ही फेज समतोल असताना न्यूट्रल आणि जमीन यांच्यात मूळ ५० हर्ट्झचं व्होल्टेज जवळपास शून्य असतं. फॉल्ट झाला की ते उठतं. फॉल्ट टर्मिनलजवळ असेल तर जवळजवळ पूर्ण ९५०० व्होल्ट, वाइंडिंगच्या मध्यावर असेल तर त्याच्या निम्मं. एनजीटीच्या सेकंडरीवर बसवलेला रिले हे व्होल्टेज ओळखतो. हजारात एक शोधण्यापेक्षा शून्यातून उठलेलं काही शोधणं केव्हाही सोपं.

२. शेवटचे ५ टक्के. फॉल्ट न्यूट्रलपासून ५ टक्क्यांवर असेल तर व्होल्टेज उठतं फक्त ४७५ च्या आसपास. त्याहून जवळ असेल तर आणखी कमी. रिले त्याहून नाजूक ठेवला तर उगाच ट्रिपिंग होईल. म्हणून हा रिले साधारण ९५ टक्के वाइंडिंगची राखण करतो. उरलेल्या भागातला फॉल्ट निरुपद्रवी वाटतो, पण तो न्यूट्रलला आडवाटेने जमिनीला जोडून ठेवतो. मग रेझिस्टर असून नसल्यासारखाच. पुढे दुसरीकडे आणखी एक फॉल्ट झाला, की अडवायला कोणी नसतं आणि प्रवाह प्रचंड होतो.

३. थर्ड हार्मोनिकची मदत. जनरेटर ५० हर्ट्झबरोबर थोडं १५० हर्ट्झचं व्होल्टेजही तयार करतो. तिन्ही फेजमध्ये ते एकाच वेळी वर-खाली होतं, म्हणजे ते झिरो सिक्वेन्सच आहे. निरोगी जनरेटरमध्ये त्यातला काही भाग न्यूट्रलवर सतत दिसतो. न्यूट्रलजवळ अर्थ फॉल्ट झाला की तो तिथून गायब होतो. पहिला रिले जिथे आंधळा, तिथेच हा दुसरा पाहतो. दोघे मिळून १०० टक्के संरक्षण देतात. दुसरा पर्याय म्हणजे न्यूट्रलमध्ये बाहेरून २० हर्ट्झच्या आसपासचा छोटा सिग्नल सोडत राहायचा. यंत्र बंद असतानाही ही पद्धत चालते.

४. बाहेरचा फॉल्ट आत दिसत नाही. जनरेटर आणि ग्रिडच्या मधला मोठा ट्रान्सफॉर्मर जनरेटरच्या बाजूने डेल्टा जोडणीचा असतो. डेल्टामधून झिरो सिक्वेन्स प्रवाह पलीकडे जात नाही. म्हणून दूर कुठे लाईनवर झाड पडून अर्थ फॉल्ट झाला, तरी न्यूट्रलचा रिले सहसा गप्प राहतो. तो बोलला, तर बिघाड बहुधा घरातलाच.

५. निगेटिव्ह सिक्वेन्सचा पहारा. बाहेरच्या असमतोलाने मात्र निगेटिव्ह सिक्वेन्स प्रवाह जनरेटरपर्यंत पोचतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र उलटं फिरतं आणि रोटरच्या पृष्ठभागात १०० हर्ट्झचे प्रवाह निर्माण करून तो तापवतं. कास्तकाराची मोटर ज्या कारणाने जळते, त्याच कारणाने २५० मेगावॅटचा रोटरही जळू शकतो. त्यासाठी वेगळा रिले असतो. प्रवाह किती आणि किती वेळ, याचा हिशोब ठेवून तो संच वाचवतो.

वीज कोसळते तेव्हा

१९१८ नंतर फोर्टेस्क्यू स्वस्थ बसले नाहीत. १९३० च्या सुमारास त्यांनी आकाशातल्या विजेकडे लक्ष वळवलं. तेव्हा पुष्कळ इंजिनिअर मानत, की जवळपास कुठे वीज पडली की लाईनमध्ये व्होल्टेजची लाट निर्माण होते आणि त्याने लाईन ट्रिप होते. फोर्टेस्क्यू यांचं म्हणणं होतं, की उच्च व्होल्टेजच्या लाईनसाठी मुख्य धोका थेट लाईनवर कोसळणाऱ्या विजेचा आहे.

हा वाद नुसता पुस्तकी नव्हता. धोका थेट आघाताचा असेल, तर उपाय म्हणजे टॉवरच्या माथ्यावर, फेजच्या तारांच्या वर, जमिनीला जोडलेली तार ओढायची आणि टॉवरच्या पायाशी अर्थिंग चांगलं ठेवायचं. पावसाळ्याच्या तोंडावर वऱ्हाडात विजा कडाडतात तेव्हा मोठ्या टॉवरच्या अगदी टोकावरची ती बारीक तार पाहा. ती वीज वाहून नेण्यासाठी नसते, आघात झेलण्यासाठी असते.

अखेरची वर्षं

फोर्टेस्क्यू यांच्या नावावर १८५ पेटंट जमा झाली. १९३२ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्यांना एलियट क्रेसन पदक दिलं. डिसेंबर १९३६ मध्ये पिट्सबर्गमध्ये त्यांचं निधन झालं. वय होतं ६०. त्यांच्या स्मरणार्थ १९३९ मध्ये इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली.

पारसला पहिले छोटे संच उभे राहिले ते १९६० च्या दशकात. फोर्टेस्क्यू यांना जाऊन तेव्हा पाव शतक होत आलं होतं. ते जुने संच आज निवृत्त झालेत आणि २००८ ते २०१० च्या काळात २५० मेगावॅटचे नवे संच आले. रिलेही बदलले. फिरत्या चकतीचे रिले गेले, आता छोट्या डब्यात बसणारा डिजिटल रिले तीन फेजची मापं घेतो आणि क्षणाक्षणाला त्यांचे तीन संच काढत राहतो. डबा नवा आहे, आतला हिशोब १९१८ चा.

थोडक्यात लक्षात ठेवा

- असमतोल थ्री फेजची फोड पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि झिरो या तीन संचांत होते.
- झिरो सिक्वेन्स जमिनीशी जोडलेला आहे, म्हणून अर्थ फॉल्टचा माग त्यातून लागतो.
- निगेटिव्ह सिक्वेन्स यंत्र तापवतो. शेतातली मोटर असो की केंद्रातला जनरेटर, नियम एकच.
- एनजीटी फॉल्टचा प्रवाह मर्यादित ठेवतो, न्यूट्रलवरचा रिले ९५ टक्के आणि थर्ड हार्मोनिकचा रिले उरलेलं वाइंडिंग सांभाळतो.

पुढच्या वेळी स्टार्टरमधला सिंगल फेज प्रिव्हेंटर मोटर बंद करेल, तेव्हा वैतागायच्या आधी एक फेज गेलाय का ते तपासा. त्याने मोटर वाचवलेली असते. वीज केंद्रातला रिले २५० मेगावॅटचा संच ट्रिप करतो तेव्हाही तो हेच करत असतो.